घरी जाण्याजोगी

४ सप्टेंबर, बुधवार

सुतारकाका आज परत आले. एकोणीस दिवसांत! परतीच्या फॉर्मवर कारणासाठी एकच ओळ असते, आणि त्या ओळीत मी खोटं लिहिलं. म्हणून ही वही. खरं कुठंतरी लिहिलेलं असायला हवं.

त्यांना घरी पाठवलं होतं मीच. माझं कामच ते. शुश्रूषागृहात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांपैकी कोण बाहेर राहू शकेल ते शोधायचं, त्यांना तयार करायचं, घरी नेऊन बसवायचं. पाच वर्षं करते आहे. माझी स्वतःची यादी आहे, एक्केचाळीस कलमांची. खुर्चीतून आधाराशिवाय उठणे, शेगडी बंद करणे, गोळ्यांची डबी वारानुसार भरणे, अनोळखी माणसाला दार न उघडणे, असं सगळं. काकांना एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस पडले. आजवर कुणाला पडले नव्हते. मी फुशारकीनं साहेबांना नेऊन दाखवले होते.

सकाळी घरभेटीच्या परिचारिकेचा फोन आला म्हणून गेले. काका पलंगावर बसलेले. अंघोळ झालेली, भांग पाडलेला, पायात बूट, खांद्यावर नॅपकिन. वजन सहा किलोनं उतरलेलं. कपाटात पाव बुरसटलेला, अंडी आणि सुपाची पाकिटं जशीच्या तशी. परिचारिका आली की तिच्याबरोबर चहाबिस्किटं खायचे, म्हणून तिला इतके दिवस संशय आला नाही.

"काका, जेवत का नव्हता?"

"घंटा होत नव्हती ना."

भ्रम वगैरे काही नाही. तारीख सांगितली, वार सांगितला, जरा हसलेही. "वेड्यासारखं वाटतं, कळतं मला. भूक लागायची. मी थांबायचो. मग ती निघून जायची."

आठ वर्षं सकाळी आठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी सात. घंटा झाली की उठायचं. मी त्यांना शेगडी शिकवली, जिना शिकवला, गोळ्या शिकवल्या. हे राहिलं.

फॉर्मवर लिहिलं — "जुळवून घेता आलं नाही." साफ खोटं! इतकं जुळवून घेतलेला माणूस मी पाहिलेला नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

बेचाळिसावं कलम लिहिलं — "घंटेशिवाय जेवणे". वाचलं. खोडलं.

९ सप्टेंबर, सोमवार

साहेब म्हणाले, "सुतारांचं मनाला लावून घेऊ नका. पण पुढची सही जरा बघून करा." म्हणजे, लावून घ्याच.

पुढची सही टेलिफोनबाईंची. वय एकाहत्तर. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, म्हणून सगळे टेलिफोनबाईच म्हणतात. सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात घरात पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि तीन आठवडे विश्रांतीसाठी इथं आणलं. तीन आठवड्यांनी खात्यातलं कुणीतरी पाहणीला आलं आणि शेरा मारून गेलं — "घरी जाण्याजोगी नाही". शेरा पाच मिनिटांचा, मुक्काम सहा वर्षांचा! जुन्या फायली मुख्य कचेरीच्या दप्तरखान्यात असतात. माझ्या हाती गोषवाऱ्याचं एक पान येतं, त्यात एवढंच.

घर अजून त्यांच्या नावावर आहे. तळमजला, दोन खोल्या. घरवाटप कार्यालयाचा नियम असा की ज्याच्या नावावर घर तो सहा वर्षं तिथं राहिला नाही, तर ते दुसऱ्याला द्यायचं. मुदत ३१ ऑक्टोबर. तोवर बाई राहायला गेल्या तर घर त्यांचं. नाही तर जन्मभर हीच खाट. आणि त्या जाऊ शकतात की नाही, यावर सही माझी.

सिस्टरनी खोलीत नेलं. "आजी, मॅडम आल्यात तुम्हाला भेटायला."

"आजी कुणाची? लग्नसुद्धा केलं नाही मी!"

मग माझ्याकडे बघितलं. "बसा. तुम्ही बोलणार की मी बोलू?"

मी म्हटलं, आधी मी. माझ्याकडे वेळ कमी असतो.

"माझ्याकडे एकतीस ऑक्टोबरपर्यंत आहे," त्या माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या.

सिस्टरच्या रजिस्टरात त्यांच्या नावावर अडीच पानं आहेत. "खिडकी स्वतः उघडते. जेवण गार आहे म्हणून परत पाठवते. इतर रहिवाशांचे फोन लावून देते. औषधाचं नाव विचारल्याशिवाय घेत नाही. सहकार्य — कमी." मी ते उतरवून घेतलं. उणे बाजूला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पहिल्या मजल्यावरच्या सरावाच्या स्वयंपाकघरात परीक्षा घेतली.

"चहा करून दाखवा."

"कुणाला हवाय?"

"कुणाला नाही. परीक्षा आहे."

"मग पाणी उकळून दाखवते. चहापूड कशाला वाया घालवायची?"

मी शून्य दिला. कलमात चहा म्हटलंय, चहाच पाहिजे. त्यांनी तो शून्य चष्मा वर करून वाचला. "हेडमास्तरीण होतात का आधी?"

बत्तीस पडले. नऊ गेले. डाव्या हाताची पकड कमी, उंबऱ्याशी तोल जातो, हे खरे गेलेले. तीन कलमं नुसत्या हट्टानं गेली.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "बत्तीस? मला तुझ्या यादीत वीस पडायचे नाहीत. पाठवतेस का मला तिकडं? जेवण वेळेवर मिळेल." साडेबारा म्हटलं की मला अजून काकांचा नॅपकिन दिसतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

बाईंचा धाकटा भाऊ आला होता. बसचा निवृत्त वाहक, वय त्रेसष्ट. घराची किल्ली त्याच्याकडे. बाई त्याला अजून बाळ्या म्हणतात. त्रेसष्टाव्या वर्षी बाळ्या! तोही ओ देतो.

"ताई, अगं तू पडलीस तर?"

"पडले तर पडले. इथं काय उडते आहे का?"

"तुला चेष्टा सुचते."

"तुला रडं सुचतं. लहानपणापासून."

तो मला व्हरांड्यात घेऊन गेला. वाटलं, आता म्हणेल घर मला हवंय. तसं काही नाही. म्हणाला, "मॅडम, ती अकरा तास जमिनीवर होती. मी दार फोडलं. आतून तिचा आवाज येत होता — बाळ्या, घाई नको, बिजागरी मोडशील. असा आवाज येत होता आणि मला दार फुटत नव्हतं. तुम्ही सही कराल, घरी जाल. दुसऱ्यांदा ते दार मी फोडणार नाही."

मला लोकांची भीती पटकन कळत नाही. हट्ट कळतो. ही भीती होती.

मी म्हटलं, घर मला बघू द्या. आठ दिवस किल्ली द्या.

बाईंना विचारायचं राहिलं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. हो-नाही त्यांनी म्हणायचं. किल्ली त्यांच्या घराची.

२५ सप्टेंबर, बुधवार

तीन दिवस बाईंच्या घरी राबले. कंबर गेली. पण घर असं लावलंय की कुणी बोट ठेवू नये!

सहा वर्षांची धूळ काढली. सतरंज्या गुंडाळून माळ्यावर. वरच्या फळीवरचं सगळं सामान कमरेच्या उंचीवर आणलं, म्हणजे हात वर करायला नको. पलंग भिंतीकडून काढून दाराजवळ आणला. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला. चहा, साखर, मीठ, गोळ्या — प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी. टेलिफोन पलंगाशेजारी. तो पूर्वी खिडकीत होता, समोर बसायला उंच स्टूल. आणि स्टूल म्हणजे अपघाताला आमंत्रण. स्टूल मागच्या अंगणात ठेवलं.

शेजारची शिवणकाम करणारी बाई डोकावून गेली. "अगदी दवाखान्यासारखं झालंय हो!" म्हणाली. मला ती शाबासकी वाटली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभराच्या सरावासाठी बाईंना घरी नेलं. भाऊ होताच.

दारात त्या थांबल्या. मग आत आल्या आणि उभ्याच राहिल्या. खांद्याची पिशवी काढली नाही. मी म्हटलं, बसा ना. बसल्या — खुर्चीच्या कडेला, पिशवी मांडीवर. पाहुण्या बसतात तशा.

मी मुद्दाम काही सांगत नव्हते. बघत होते. पंधरा मिनिटांनी त्यांनी हळूच विचारलं, "पाणी कुठं मिळेल?"

स्वतःच्या घरात!

भांडं शोधायला वरच्या फळीकडे हात गेला. फळी रिकामी. हात तसाच वर. मग चहाची पाळी. चिठ्ठ्या वाचत एकेक डबा उघडला, झाकणं खाली ठेवली, कुठलं कशाचं ते विसरल्या. पाणी उकळून आटलं. साडेबारा वाजले. त्या दाराकडे बघत गप्प बसल्या. ते बघणं मी ओळखते.

भाऊ म्हणाला, "बघा मॅडम, म्हटलं नव्हतं मी?" जिंकल्यासारखं नाही म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

बाई म्हणाल्या, "चला परत." एवढंच. जिभेला हाड नसलेली बाई!

अहवालात लिहिलं — "स्मृतीबद्दल शंका. घर ओळखीचं वाटत नाही."

४ ऑक्टोबर, शुक्रवार

अहवाल पाकिटात घातला. पाकीट टेबलावर. पाठवलं नाही. का, ते कळत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

यांनी सकाळी चष्म्यासाठी घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, जागेवर आहे. "कुठल्या जागेवर?" म्हटलं, कपाटातल्या खणात, जिथं चष्मा असायला हवा तिथं, मी ठेवलाय. तर म्हणाले, "तू नीट ठेवलास ना, म्हणूनच सापडत नाही. मी फ्रिजवर ठेवतो. चाळीस वर्षं फ्रिजवर ठेवतो. तुला ते दिसत नाही कारण ते तुला चूक वाटतं."

मी त्यांना चष्मा दिला आणि खुर्चीत बसले. चहा गार झाला.

बाईंना घर ओळखीचं वाटलं नाही. कसं वाटेल? ते त्यांचं नव्हतंच. मी तीन दिवस खपून शुश्रूषागृहाची आणखी एक खोली तयार केली होती.

८ ऑक्टोबर, मंगळवार

जेवणघरात काकांशेजारी जाऊन बसले. मी विचारलं, "काका, माझ्या यादीत काय कमी होतं?"

"मला काय विचारता? मी यादी पाळणारा माणूस. तुम्ही म्हणाल ते केलं, म्हणून तर पैकीच्या पैकी दिलेत." मग टेलिफोनबाईंच्या टेबलाकडे मान केली. "ती बघा. घंटेच्या आधी ताट पुढं ओढून बसते. सिस्टर रोज ओरडतात. हिला भूक लागली की लागली. घंटा झाली काय, न झाली काय."

रजिस्टर पुन्हा काढलं. अडीच पानं. खिडकी स्वतः उघडते. गार जेवण परत पाठवते. औषधाचं नाव विचारते. लोकांचे फोन लावून देते. सहा वर्षांत या बाईंनी आपलं घर चालवणं सोडलेलंच नाही! घर नव्हतं, म्हणून खाटेवरून चालवत होत्या. आणि आम्ही त्याला त्रास म्हणून नोंदवत होतो. मीसुद्धा. उणे बाजूला.

काका शहाणे होते म्हणून नापास झाले. पैकीच्या पैकी मिळवून.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पाकीट फाडलं. नवा अहवाल लिहिला आणि आधी बाईंकडे गेले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मला बसून सांगता आलं नसतं.

"त्या दिवशी तुमचं काही चुकलं नाही. मी तुमचं घर हलवलं. न विचारता. चूक माझी."

कूस बदलली. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"ठीक आहे. तिरसट आहे, पण ठीक आहे."

"चूक माझी, असं लिहून देणार तुम्ही?"

"लिहिलंय. अहवालात."

"सही करून?"

"सही करून."

उठून बसल्या. मग म्हणाल्या, "मंगळवारी जाऊ. बाळ्याला सांगा, जुने कपडे घालून ये. सामान चढवायचंय."

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दमले, पण लिहून ठेवते.

बाईंनी आधी अंगणातून स्टूल आणवलं, त्यावर बसल्या आणि तिथून एक्स्चेंज सुरू! "बाळ्या, साखर वरच्या फळीवर, डावीकडे. डावं कळतं ना? मॅडम, ते मीठ ठेवा खाली, मीठ कधी तिथं होतं? पलंग भिंतीला. आणखी. आणखी. ढकला की, काय गोंजारताय त्याला!"

मला असं गेल्या तीस वर्षांत कुणी बोललेलं नाही. निमूट ढकलला.

चिठ्ठ्या स्वतः नखानं खरवडून काढल्या. "डबा हलवला की कळतं. साखर वेगळी वाजते."

मग तंटा. सतरंज्यांवरून मी हटले नाही. उंबऱ्याशी तोल जातो, ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. "सतरंज्या माळ्यावरच राहतील."

"आईच्या हातच्या आहेत."

"मग भिंतीवर टांगा. पायाखाली नाही."

त्यांनी भावाकडे बघितलं. भाऊ म्हणाला, "मी मॅडमच्या बाजूनं."

"फितूर!" त्या म्हणाल्या. पण सतरंज्या राहिल्या वर. न्हाणीघरातला दांडाही राहिला. स्टूल राहिलं, पण भावानं त्याचे पाय कापून चार बोटं बुटकं केलं आणि खाली रबर ठोकलं. तेवढी तडजोड दोन्हीकडून झाली. टेलिफोन परत खिडकीत.

मग मी काही बोलायच्या आत त्या उठल्या, वरच्या फळीवर हात घालून — नजरही न टाकता — भांडं काढलं, चहा टाकला. तीन कप. कुणी सांगितलं नव्हतं. बारा वाजून दहा मिनिटांनी अंडी फोडली. पाव भाजला. एक काप करपला. "तो बाळ्याला," म्हणाल्या.

भाऊ जेवत होता आणि दाराकडे बघत होता. मी विचारलं, काय? म्हणाला, "ती कडी. आतून लावली की झालं. बाहेरून उघडेल अशी बसवता येईल का? एक किल्ली माझ्याकडे, एक शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडे. म्हणजे फोडायला नको."

माझ्या एक्केचाळीस कलमांत कडी नव्हती.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

समितीपुढे केस. साहेब, डॉक्टर, सिस्टर, मी, भाऊ. बाईंना बाहेर बसवायची पद्धत आहे. मी आत खुर्ची मागवली. साहेबांनी भुवई वर केली. केली तर केली!

सिस्टरनी रजिस्टर वाचलं. सहकार्य कमी, सहकार्य कमी. संपल्यावर मी म्हटलं, "आता मी तेच पुन्हा वाचते," आणि वाचलं. शेवटचा शेरा गाळून आणि माझ्या शब्दांत. थंडी वाजली की खिडकी लावते, उकडलं की उघडते. गार जेवण खात नाही. कुठली गोळी कशाची ते विचारून घेते. दहा माणसांचे फोन नंबर तोंडपाठ, कुणाला कधी फोन करायचा ते लक्षात. — "डॉक्टर, एकटं राहायला याहून जास्त काय लागतं?"

डॉक्टर हसले. साहेब हसले नाहीत. "सुतारांच्या वेळी पैकीच्या पैकी होते. इथं बत्तीस आहेत."

"सुतारांच्या वेळी मी चूक मोजलं."

"आणि त्या पडल्या तर?"

पडतीलच कदाचित. भाऊ उभा राहिला. वाटलं, गेलं सगळं. तो म्हणाला, "कडी बसवलीय साहेब. मी उघडेन." आणि बसला.

सही केली.

२८ ऑक्टोबर, सोमवार

बाई घरी गेल्या. दोन पिशव्या आणि एक बाहेरचा चपलांचा जोड, सहा वर्षं न वापरलेला. घरवाटप कार्यालयाचा माणूस दुपारी येऊन "वास्तव्य आहे" असं लिहून गेला. त्याला त्यांनी दारातच विचारलं, "वास्तव्य आहे म्हणजे काय, मी दिसत नाही का?"

३० ऑक्टोबर, बुधवार

साडेबाराला घड्याळ बघितलं. फोन केला नाही. फार कठीण गेलं.

१० नोव्हेंबर, रविवार

भावाचा फोन. "मॅडम, ताई काल पडली."

तशीच गेले. बाई स्टुलावर, गुडघ्याला पट्टी, मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "पडले. खुर्चीपर्यंत सरकत गेले. उठले. चाळीस मिनिटं लागली. मग बाळ्याला कळवलं. करा नोंद."

"आधी का नाही कळवलं?"

"आधी कसं कळवणार? फोन खिडकीत, मी जमिनीवर!"

भाऊ म्हणाला, आता तरी परत न्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या शेंगा सोलत राहिल्या, पण बोटं मंदावली होती. माझ्या तोंडाकडे लक्ष. माझ्या एका शब्दावर सगळं परत फिरलं असतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

मी भावाला म्हटलं, "जमिनीवरूनही हात पोचेल असा दुसरा फोन बसवा. परत कशाला न्यायचं? माणसं पडतात."

मग त्यांनी भांडं माझ्याकडे सरकवलं. "रिकाम्या कशाला बसलाय? सोला."

सोलले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बाईंचा कचेरीत फोन. सुतारकाकांना घरी जायचं असेल, तर रोज साडेबाराला त्या त्यांना फोन करतील. मी म्हटलं, पुन्हा घंटाच! तर म्हणाल्या, "लोक गजर लावतात तो काय असतो? सहा महिने मी करेन. सातव्या महिन्यात त्यांनी मला करायचा." काकांना निरोप दिला. "विचार करतो," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकलं.

जाता जाता बाई म्हणाल्या, "केस बंद करताना माझी सगळी फाईल हवीय मला. हक्क आहे ना?" आहे. दप्तरखान्याला मागणी पाठवली.

२० नोव्हेंबर, बुधवार

फाईल सकाळी आली. कचेरीतच चाळली. पान चौदा — सहा वर्षांपूर्वीच्या पाहणीचा फॉर्म. "घरी जाण्याजोगी नाही." खाली सही माझी.

तेव्हा मी खात्यात पाहणीच्या कामावर होते, दिवसाला वीस-वीस पाहण्या करत असे. आठवून पाहिलं. मला त्या आठवत नाहीत.

पान काढता आलं असतं. काढलं नाही.

दुपारी फाईल त्यांच्या घरी नेऊन दिली. बाई पानं उलटत चौदाव्यावर थांबल्या. मी म्हटलं, "मला आजच कळलं."

"मला पहिल्याच दिवशी. तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा. चेहरे राहत नाहीत माझ्या लक्षात, आवाज राहतात."

"मग बोलला का नाहीत?"

"सही हवी होती ना. भांडण काय, मागाहूनही करता येतं."

भांडल्या नाहीत. मी उभीच होते. बसा म्हणाल्या नाहीत.

आज सुपूर्द केलं: घराची किल्ली, खात्याजवळची — एक. औषधांचा तक्ता — एक. फाईल — पानं एकशे बारा.

पोचपावतीवर त्यांच्या अक्षरात: "सर्व पानं मिळाली. चौदावंसुद्धा." खाली सही.